ओठाचं किती, काडीचं किती

मे महिन्यातली दुपार आणि जळगावचं फुले मार्केट. एका छोट्या दुकानात एक बाई लिप बाम परत करायला आल्या होत्या. पत्र्याची चपटी डबी, आठ ग्रॅमची. झाकण उघडून त्यांनी ती काउंटरवर ठेवली. वर तेलाचे थेंब जमलेले, खाली पिवळट थर, आणि बोट फिरवलं की बोटाला बारीक कण लागत होते. "हाई बिघडी गयं भाऊ, बदली दे." दुकानदारानं डबी नाकाशी नेली, उजेडात तिरकी धरली आणि निकाल दिला, "ताई, नकली माल आला असेल, आजकाल सगळीकडे तेच चाललंय." मग मुकाट्यानं दुसरी डबी काढून दिली. बाईंनी ती पर्समध्ये टाकली, पर्स बाहेर उन्हात उभ्या असलेल्या स्कूटीच्या डिकीत टाकली आणि निघाल्या. दोघांचंही समाधान झालं. पण पहिली डबी बिघडलेली नव्हती, नकलीही नव्हती, आणि दुसरी डबी त्याच डिकीत आठवड्याच्या आत तशीच होणार होती. असं का होतं याचं उत्तर खोक्यावरच्या यादीत दुसऱ्या ओळीला छापलेलं होतं: ब्युटिरोस्पर्मम पार्की. म्हणजे शिया बटर.

शिया हे आफ्रिकेतल्या एका झाडाच्या बियांचं घट्ट तेल. ते एका तापमानाला गोठत नाही. त्यात काही भाग पटकन गोठणारा असतो, काही भाग बराच वेळ पातळ राहणारा. कारखान्यात सगळं एकत्र वितळवून चटकन थंड करतात, त्यामुळे कण इतके बारीक राहतात की जिभेलाही कळत नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असतात तेव्हा बंद डिकी पन्नाशी सहज ओलांडते. शिया बत्तीस ते सदतीस अंशांच्या दरम्यानच वितळतं. ते तिथं वितळतं आणि रात्री अंगणात गाडी हळूहळू थंड होताना पुन्हा गोठतं, पण आता निवांत. पटकन गोठणारा भाग आधी एकत्र येतो, त्याचे कण मोठे होतात, आणि उरलेलं तेल वर तरंगतं. कढवलेलं तूप सावकाश निवलं की रवाळ होतं, हे प्रत्येक घरात माहीत आहे आणि तिथं त्याचं कौतुकही होतं. डबीत तोच प्रकार झाला की माल खराब ठरतो. गुणात काडीचाही फरक पडलेला नसतो. दुरुस्तीही सोपी आहे. पातेल्यात पाणी उकळायला येण्याच्या बेतात असताना गॅस बंद करायचा, पत्र्याची किंवा काचेची डबी झाकण काढून त्यात अशी ठेवायची की पाणी निम्म्याच्या वर चढणार नाही, आणि आतलं सगळं पारदर्शक होईपर्यंत थांबायचं. एक कण जरी राहिला तरी त्याभोवती पुन्हा रवा धरतो, म्हणून घाई करायची नाही. कोरड्या काडीनं ढवळून डबी फ्रीजमध्ये पंधरा-वीस मिनिटं. फ्रीजरमध्ये नको, तिथं वरचा थर आधी आक्रसतो आणि मधोमध खड्डा पडतो. प्लॅस्टिकच्या नळीतून फिरवून वर येणाऱ्या बामच्या काडीला मात्र हा उपाय करता येत नाही, नळीच वाकडी होते.

पण रव्यापेक्षा जास्त विचार करायला लावते ती यादी. लिप बामच्या खोक्यावर बारा-पंधरा नावं असतात. त्यातली ओठासाठी किती, काडी उभी राहावी म्हणून किती, आणि दुकानात झाकण उघडून वास घेणाऱ्या गिऱ्हाइकासाठी किती? अशी वाटणी केली की ओठाच्या वाट्याला फार थोडं येतं.

ओठाची गरज आधी बघू. ओठाचा जो लालसर भाग आहे त्याची वरची कातडी गालाच्या कातडीपेक्षा पातळ. तिथं घामाच्या ग्रंथी नाहीत, तेल सोडणाऱ्या ग्रंथी असल्याच तर तुरळक, आणि उन्हापासून राखणारं रंगद्रव्यही कमी. म्हणजे चेहऱ्याचा बाकी भाग स्वतःचं तेल स्वतः पाझरून घेतो, ओठाला ती सोय नाही. आतलं पाणी सतत उडून जात असतं आणि अडवायला वर काही नसतं. आता खानदेशातली हवा बघा. एप्रिल-मेच्या दुपारी भुसावळच्या फलाटावर उभं राहिलं की वारा तोंडावर भाजल्यासारखा लागतो, घाम कपाळावर दिसायच्या आधीच सुकतो. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हाही हवा कोरडीच. ओलावा आहे तो पावसाळ्यापुरता. त्यामुळे कोकणातल्या माणसाचे ओठ थंडीत फुटतात, आपल्याकडचे दोन हंगामांत फुटतात. मग जीभ आपोआप ओठावरून फिरते. लाळेतलं पाणी काही क्षणांत उडतं, जाताना ओठाचा ओलावाही घेऊन जातं, आणि मागे राहतात ते अन्न पचवणारे पाचकरस. ते पातळ कातडीला टोचत राहतात. चाटणाऱ्या मुलांच्या ओठाभोवती जी तांबडी कड उमटते, जीभ पोचते तिथपर्यंत अगदी आखून दिल्यासारखी, ती त्याचीच.

यावर काम करणारे घटक तीनच जातींचे: पाणी अडवणारे, खरखर भरून काढणारे आणि पाणी धरणारे.

अडवणाऱ्यांत पेट्रोलियम जेलीच्या जवळपास कुणी येत नाही. यादीत तिचं नाव पेट्रोलेटम. रॉबर्ट चेसब्रो नावाचा अमेरिकन रसायनतज्ज्ञ १८५९ साली पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलच्या तेलविहिरींवर गेला. तिथले कामगार पंपाच्या दांड्यांवर साचणारा मेणचट गाळ भाजल्या-कापल्यावर लावत होते. त्यानं तो शुद्ध केला आणि १८७२ मध्ये व्हॅसलिन या नावानं पेटंट घेतलं. जमिनीतल्या तेलातून आलेली म्हणून हल्ली लोक तिच्याकडे संशयानं बघतात, आणि कच्च्या गाळाबद्दल तो संशय रास्तही आहे. पण औषधाच्या दर्जाची पांढरी जेली इतकी गाळलेली असते की तिला वास नाही, चव नाही, आणि ॲलर्जी तर फारच क्वचित. डबीवर 'आयपी' ही अक्षरं असली तर ती भारतीय औषधकोशाच्या मापाची, एवढं बघितलं की पुरे. उन्हाळ्यात ती पाण्यासारखी पातळ होते, कारण तिचा वितळायचा अंक अडतीस अंशांपासून पुढे सुरू होतो. तेही बिघडणं नव्हे. झाकण घट्ट लावून डबी सरळ ठेवायची, संध्याकाळी ती पूर्ववत होते.

दुसरं नाव लॅनोलिन, मेंढीच्या लोकरीतला ओशटपणा. साक्री-शिंदखेड्याकडच्या ठेलाऱ्यांच्या कळपात लोकर कातरायला बसलेल्या माणसाच्या हाताला जो चिकट थर बसतो, तोच धुऊन, गाळून शुद्ध केलेला. याची खुबी अशी की ते पाणी अडवतं आणि स्वतःच्या वजनाच्या दुपटीच्या आसपास पाणी पोटात धरूनही ठेवतं. खोल भेगांना जेलीपेक्षा हे बरं, कारण ते चिकटून राहतं, जेवताना निघून जात नाही. मात्र लोकरीतल्या काही घटकांची ॲलर्जी असणारी माणसं आहेत. अशांचे ओठ लावल्यावर सुजतात आणि ती म्हणतात, औषध लावूनही फुटतात. शाकाहार काटेकोर पाळणाऱ्यांनाही ते चालतं की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवायचं.

खरखर भरून काढणारे म्हणजे तेलं आणि घट्ट तेलं. उललेल्या कातडीच्या खपल्यांमध्ये शिरून ती पृष्ठभाग सपाट करतात, म्हणून लावल्या लावल्या मऊ वाटतं. शिया, कोको बटर, कोकमतेल, खोबरेल, बदाम, एरंडेल ही सगळी इथली. यांतलं कोकमतेल मला सगळ्यांत कमी दाद मिळालेलं वाटतं. काष्ठौषधीच्या दुकानात गोळ्याच्या आकारात मिळतं, अडतीस-चाळीस अंशांपर्यंत घट्ट राहतं, शियासारखं रवाळ व्हायची खोड त्याला नाही, वास जवळपास नाही आणि किंमत शियाच्या मानानं कमी. सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे मोहाच्या बियांचं तेल निघतं, ते थंडीत थिजतं आणि अंगाला लावायला वापरतात. ओठालाही चालतं, पण घाण्यावरचं न गाळलेलं असेल तर वास उग्र येतो आणि ते लवकर खवट होतं. खोबरेल मात्र चोवीस-पंचवीस अंशांनाच पातळ होतं, म्हणजे आपल्याकडे वर्षातले आठ-नऊ महिने ते ओठावर टिकत नाही, हनुवटीवर ओघळतं.

पाणी धरणाऱ्यांत ग्लिसरीन, मध, हायल्युरॉनिक ॲसिड. जाहिरातीत यांचीच नावं मोठ्या अक्षरांत असतात. ही मंडळी पाणी ओढतात हे खरं, पण ओढायला पाणी कुठून आणणार? दमट हवेत बाहेरून मिळतं. खानदेशातल्या दुपारी बाहेर काहीच नसतं, मग ती कातडीच्या आतल्या थरातून ओढतात आणि वर आणून हवेला देतात. नुसतं ग्लिसरीन चोळून उन्हात गेलेल्याचे ओठ संध्याकाळी जास्त ताणतात ते यामुळेच. वरून जेलीचा किंवा मेणाचा थर दिला तर ग्लिसरीनचा उपयोग होतो, नाहीतर नाही. मधाचं तेच, शिवाय तो गोड. पाच मिनिटांत चाटून संपतो.

आता काडी. काडी उभी राहायला मेण लागतं, आणि इथं ओठाचा आणि काडीचा झगडा सुरू होतो. मधमाशीचं मेण, यादीत सेरा अल्बा, बासष्ट ते पासष्ट अंशांना वितळतं. कॅन्डेलिला हे वाळवंटी झुडपाचं मेण सत्तरच्या आसपास, आणि ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरचं कार्नोबा ब्याऐंशी ते शहाऐंशीला. काडी जितकी गरम प्रदेशासाठी तितकं मेण जास्त किंवा जास्त कडक. मेण पाणी अडवतं, पण जेलीइतकं नाही, आणि जास्त झालं की काडी ओठावरून सरकत नाही, ओढली जाते. फुटलेल्या ओठावर ओढली गेलेली काडी खपल्या उचकटते. म्हणजे उन्हाळ्यात डिकीत टिकेल अशी काडी ओठाला नको असते, आणि ओठाला हवी अशी काडी डिकीत टिकत नाही. यावर सरळ उपाय म्हणजे एप्रिल ते जून डबी वापरायची, काडी थंडीसाठी ठेवायची. डबीला उभं राहायचं नसतं, तिच्यात मेण कमी चालतं. फक्त बोट स्वच्छ हवं.

घरी करणाऱ्यांचा एक मोठा वर्ग हल्ली तयार झाला आहे, आणि बहुतेकांचं मापच चुकलेलं असतं. वीस ग्रॅम बामसाठी पाच ग्रॅम मेण, पाच ग्रॅम कोकमतेल किंवा शिया, दहा ग्रॅम पातळ तेल, हे थंडीतल्या काडीचं माप. उन्हाळ्यात काडीच हवी असेल तर मेण साडेसहापर्यंत न्यायचं आणि तेल तेवढं कमी करायचं, किंवा निम्म्या मेणाच्या जागी कॅन्डेलिला घालायचं, पण ते बरंच कडक असल्यामुळे वजनानं जवळपास अर्ध्यात भागतं. डबीसाठी मेण तीन ग्रॅम पुष्कळ झालं. चमच्याच्या मापावर जाऊ नका. किसलेलं मेण आणि दाबलेलं मेण यांचा चमचा सारखा नसतो. सोनाराकडचा नसला तरी दशांश दाखवणारा छोटा वजनकाटा हवा. पातळ तेलात तीन ग्रॅम एरंडेल आणि सात ग्रॅम तीळ किंवा बदाम. एरंडेल दाट असतं, चकाकी देतं आणि जागेवर राहतं, पण त्याहून जास्त घातलं की चिकट होतं. करडई आणि सूर्यफुलाचं तेल स्वयंपाकघरात चांगलं, इथं नको. ती हवेशी लवकर खवट होतात आणि तो वास नाकाच्या थेट खाली बसतो. सातपुड्यातल्या मोहोळाचं मेण मिळालं तर आधी ते पाण्यात वितळवून जुन्या सुती कापडातून गाळायचं. थंड झाल्यावर मेणाची चकती वर येते, तिच्या तळाला चिकटलेला काळा गाळ सुरीनं खरवडायचा, आणि मग चकती एकदा पाण्याविना वितळवून आत अडकलेली ओल उडवायची. हे शेवटचं काम टाळलं तर महिन्याभरात बामवर बुरशीचे ठिपके येतात.

क्रमही महत्त्वाचा. काचेचं भांडं गरम पाण्यात, आधी मेण, ते पूर्ण वितळल्यावर घट्ट तेल, शेवटी पातळ तेल. पातळ तेल थंड असेल तर मेणाचे धागे धरतात. घाबरायचं नाही, पुन्हा गरम केलं की विरतात. खाली उतरवल्यावर ई जीवनसत्त्वाचे तीन थेंब. त्यानं तेलाचं खवट होणं लांबतं, जंतू मरत नाहीत. हा फरक लोक विसरतात आणि ई घातलं म्हणून निर्धास्तपणे बिटाचा रस ओततात. बिटाचा रस म्हणजे पाणी. तेल-मेणात पाणी मिसळत नाही, तळाला लाल थेंब होऊन बसतं आणि तिथंच सडतं. लिंबाचा रस, गुलाबपाणी, कोरफडीचा गर, सगळ्यांची गत तीच. मध आणि ग्लिसरीनही तेलात विरघळत नाहीत, वर घाम फुटल्यासारखे थेंब येतात. आणखी एक जोडी जमत नाही, ती म्हणजे एरंडेल आणि पेट्रोलियम जेली. एरंडेल बाकी तेलांशी गोडीनं राहतं, पण खनिज तेलांत नीट मिसळत नाही. गरम असताना एकजीव दिसतं, आठ दिवसांत वेगळं होतं. ओतण्याआधी फ्रीजरमधल्या चमच्यावर एक थेंब टाकून, गोठला की ओठावर ओढून बघायचा. ओढ लागली तर तेल वाढवा, चिकटलं तर मेण. काडीच्या नळीत एका दमात भरलं की मधे पोकळी राहते, म्हणून पाऊण भरून, वर साय धरायला लागली की उरलेलं.

दुकानासाठीचे घटक राहिले, आणि कटकट बहुतेक वेळा तिथंच असते.

मेंथॉल, कापूर, पेपरमिंट तेल. लावलं की गार वाटतं, थोडं चुरचुरतं, आणि वाटतं काम सुरू झालं. प्रत्यक्षात मेंथॉल थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चाळवतं. ओठ थंड झालेला नसतो, ओला तर मुळीच नसतो. निरोगी ओठाला फार बिघडत नाही, फुटलेल्याला ही चुरचुर म्हणजे जखमेवर छेडछाड. ओठ पुन्हा कोरडे पडतात, माणूस पुन्हा तेच लावतो, आणि लोक म्हणतात बामची सवय लागली. सवय कशाचीच लागत नाही, त्रास देणारा घटकच औषध म्हणून परत परत लावला जातो. काही बाममध्ये सॅलिसिलिक ॲसिड असतं. ते खपल्या सुटायला मदत करतं, दोन दिवस ओठ गुळगुळीत दिसतात, आणि रोज लावलं तर कातडी पातळ होत जाते. दालचिनीचा स्वाद हा ओठांच्या ॲलर्जीतला जुना गुन्हेगार. तो बामपेक्षा टूथपेस्टमधून जास्त येतो. ओठ का सुजतात म्हणून बाम बदलत बसलेल्या माणसानं कधीतरी टूथपेस्ट बदलून बघावी, पुदिना-दालचिनी नसलेली, फेस कमी करणारी. आणि 'नैसर्गिक' या शब्दावर विसंबू नये. मोहोळातला प्रोपोलिस, म्हणजे मधमाश्यांचा राळेसारखा डिंक, शंभर टक्के नैसर्गिक आहे आणि ॲलर्जीत त्याचं नाव वरच्या रांगेत आहे.

नंदुरबारच्या मिरचीच्या पथारींवर हंगामात काम करणाऱ्या बायकांच्या ओठांचा प्रश्न मात्र कुठल्याही खोक्यावर छापलेला नसतो. लाल मिरचीचं तिखट तेलात विरघळतं, पाण्यात नाही. ओठ झोंबायला लागला की पाणी मारलं जातं, त्यानं तिखट फक्त पसरतं. आणि सकाळी कामाला येताना जेलीचा जाड थर लावला तर मिरचीची धूळ त्यावर चिकटते, त्यातच विरघळते आणि दिवसभर ओठाला लागून राहते. इथं बामचा नेहमीचा सल्ला उलटा पडतो. कामावर असताना ओठ कोरडा पुसून वर फडकं, तेही नाकावरून घट्ट, आणि काम संपल्यावर आधी शेंगदाणा तेलाच्या बोळ्यानं दोनदा पुसून, मग साबणाच्या सौम्य फेसानं धुऊन, नंतर जेली. तेलानं तिखट सुटतं, साबणानं तेल सुटतं, आणि हा क्रम उलटा केला तर रात्री भाकरीचा पहिला घास खाताना कळतं.

रंगाचं थोडं बोलायला हवं, कारण लग्नसराई नेमकी एप्रिल-मेमध्ये आणि वऱ्हाडातल्या अर्ध्या मुलींच्या हातात 'रंग बदलणारा' बाम. पांढरी किंवा हिरवी काडी, ओठावर गुलाबी. प्रत्येकीला तिचा 'स्वतःचा' रंग येतो म्हणे. यादीत सीआय, म्हणजे रंगांच्या सूचीतला क्रमांक, ४५४१० किंवा ४५३८० दिसेल. हे इओसिनच्या कुळातले रंग. मेणात असताना फिके राहतात, ओठाचा ओलावा आणि आम्लता मिळाली की गुलाबी होतात. ओठाची आम्लता माणसागणिक फारशी बदलत नाही, त्यामुळे सगळ्यांचा रंग थोड्याफार फरकानं तोच येतो. तो कातडीत मुरतो, म्हणून पुसून जात नाही, आणि या कुळातल्या रंगांनी ओठ चिडण्याचे प्रकार लिपस्टिकच्या जुन्या काळापासून नोंदलेले आहेत. सीआय ७५४७० दिसलं तर ते कार्माइन, निवडुंगावर राहणाऱ्या कोचिनील किड्यांपासून काढलेला लाल रंग. जळगावात कितीतरी जैन घरांत कांदा-लसूणसुद्धा विचारून घेतला जातो, त्यांच्या कपाटात ही लिपस्टिक बिनदिक्कत असते, कारण आकड्यामागे किडा आहे हे कुणी सांगत नाही. सीआय ७७४९१ म्हणजे लोखंडाचा तांबडा ऑक्साइड, त्याला धार्मिक अडचण नाही आणि ॲलर्जीही सहसा नाही. शिशाची भीती रास्त आहे. आपल्या नियमांत प्रसाधनांच्या रंगांत शिसं दशलक्ष भागांत वीस भागांपर्यंत आणि आर्सेनिक दोन भागांपर्यंतच चालतं. आठवडे बाजारात विनानावाची, बॅच नंबर नसलेली लिपस्टिक घेतली तर हे कुणी तपासलं असण्याची शक्यता नाही. मॅट लिपस्टिकचं गणित वेगळं. त्यात आयसोडोडेकेन नावाचं उडून जाणारं द्रव आणि मागे राहणारी सिलिकॉनची पापुद्र्यासारखी जाळी असते. द्रव उडाला की जाळी घट्ट बसते, ओठ हलला की तडकते. लावायच्या पंधरा मिनिटं आधी बाम लावून टिपून घेतला तर निभतं. वरून लावला तर लिपस्टिक गोळा होते.

यादी वाचायचा एक नियम पुरतो. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं, त्याखालचे कसेही. त्यामुळे पहिली चार-पाच नावं म्हणजे बाम, शेपटी म्हणजे जाहिरात. केशर, हिरा भस्म, गुलाब अर्क हे फ्रेग्रन्स (सुगंध) किंवा टोकोफेरॉल (ई जीवनसत्त्व) या शब्दांच्या मागे लागलेले दिसले तर ते चिमटीभरही नाहीत असं समजावं. पण गंमत अशी की आपल्या नियमांत तीस ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या घट्ट प्रसाधनाला ही यादी छापायची सक्तीच नाही. लिप बाम चार ग्रॅमचा, नाहीतर दहाचा. म्हणजे जी वस्तू थेट पोटात जाते तिला नेमकी सूट. बऱ्याच कंपन्या तरी छापतात. जी छापत नाही तिचा बाम घेऊ नये, एवढं गिऱ्हाइकाच्या हातात आहे.

घरगुती उपायांत साजूक तूप चांगलं आहे, रात्री लावलं तर. दिवसा उन्हात ते पातळ होऊन जातं आणि चव असल्यामुळे जीभ फिरते. बेंबीत तेल घालायचा उपाय आजही प्रत्येक गावात सांगितला जातो. बेंबीतून ओठापर्यंत जाणारी कुठलीही वाट जन्मानंतर उघडी राहत नाही. तेल जिथं घातलं तिथंच राहतं, बनियनला लागतं. साखरेनं ओठ घासणं हा त्याच वर्गातला नवा प्रकार, फक्त त्यानं इजाही होते. खपली सुटायची वेळ झाली की कोमट ओल्या कापडानं आपोआप सुटते, त्याआधी ओढली तर खाली रक्तच आहे.

उन्हाचं वेगळं. खालचा ओठ जरा पुढे असतो, ऊन त्यावर थेट पडतं, आणि केळीच्या बागेत पाणी धरायला दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाचा खालचा ओठ वर्षानुवर्षं कोरडा, पांढुरका, कड पुसट झालेला दिसतो. त्याला साधी जेली पुरत नाही. एसपीएफ, म्हणजे ऊन अडवण्याचा अंक, ३० असलेला, झिंक ऑक्साइडचा बाम दर दोन तासांनी, किंवा त्याहून सोपं, उपरणं तोंडावरून. तोंडाच्या कोपऱ्यातल्या चिरा हेही बामचं काम नाही. त्या बुरशीच्या संसर्गानं, लोह किंवा बी जीवनसत्त्वं कमी पडल्यानं, कधी सैल कवळीनं होतात, आणि वर कितीही थर दिले तरी कारण आत राहतं. गुटखा-तंबाखू खाणाऱ्याच्या ओठावरची दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा चट्टा किंवा गाठ दिसली तर मात्र बाम, तूप, काहीही करत बसू नये, थेट दवाखाना गाठावा. साध्या फुटण्याला रात्री दात घासल्यावर, ओठ अजून ओलसर असताना, तांदळाच्या दाण्याएवढी जेली पुरते. आठ दिवस फक्त तेवढंच लावायचं, बाकी सगळं बंद. तरी चुरचुर राहिली तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना वापरातल्या सगळ्या डब्या, काड्या, लिपस्टिक आणि टूथपेस्टही पिशवीत घालून न्यावी. आणि खोकी फेकली नसतील तर तीही, कारण यादी असलीच तर ती खोक्यावर असते, डबीवर नाही.